३८ युनिट गेली कुठे? एका घराची आणि तीन मीटरांची केस

केस आमच्याच घरची आहे, म्हणून गावाचं नाव टाकत नाही, गुहागर आणि वेळणेश्वरच्या मधे कुठेतरी समजा. माणसं दोनच महत्त्वाची, आप्पा आणि नाना. माझे सख्खे काका, एक ८१ चे, एक ७६ चे, एकाच घरात राहतात, ओटी आणि पडवी सामाईक, माजघरात मात्र मधे फळ्यांचं पार्टिशन. विहीर एक, आगर एक, मागची कलमांची बाग एक आणि विजेचं कनेक्शनही एकच, आजोबांच्या नावावर, जे जाऊन आता ३० वर्षं झाली.

मी मुंबईला एका कारखान्यात मीटर टेस्टिंगला २६ वर्षं काढली. गावाला गेलो की सगळे मला त्याच नजरेने बघतात, डॉक्टर आला की लोक जीभ बाहेर काढून दाखवतात तसं आमच्याकडे मी आलो की बिलं बाहेर निघतात. तर मे महिन्यात गेलो, बॅग अजून ओटीवरच होती आणि आप्पांनी एप्रिलचं बिल हातात दिलं. म्हणाले, "चहा नंतर घे, आधी हे बघ आणि त्याला विचार ३८ युनिट कुठे घालवलीस." "त्याला" म्हणजे नानांना, जे पार्टिशनच्या पलीकडे बसून ऐकत होते आणि तिकडूनच म्हणाले, "मलाच विचार हो, त्यांना नको विचारूस."

आकडे असे. बाहेर ओटीवर वीजवाल्यांचा इलेक्ट्रॉनिक मीटर आहे, त्यावर एप्रिलची २३६ युनिट. आत दोन सबमीटर, जुने तबकडीवाले, भंगारातून चांगले बघून आणलेले, एक आप्पांच्या बाजूला आणि एक नानांच्या. आप्पांचा मीटर म्हणतो १२१, नानांचा म्हणतो ७७. बेरीज १९८. मेन मीटरवर ३८ जास्त.

आता ही ३८ कशी वाटायची यावर भांडण. आप्पांचं म्हणणं निम्मी निम्मी, १९ आणि १९. नानांचं म्हणणं ज्याचा वापर जास्त त्याने जास्त भरायची, म्हणजे सबमीटरच्या प्रमाणात, २३ आणि १५. फरक किती, तर चार युनिटांचा. चार युनिटांचे पैसे किती होतात ते ज्याने त्याने आपल्या बिलावरून काढावं, त्यात एक नारळ तरी येतो का बघा. पण तीन आठवडे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि काकूंचं आणि धाकट्या काकूंचं मात्र मागच्या दाराने सांडगे, कुळथाचं पीठ, सगळं देणंघेणं चालूच होतं.

त्यात नानांचा वेगळाच संशय होता, तो त्यांनी मला विहिरीवर नेऊन हळूच सांगितला. "आप्पाची तबकडी बघ, घरात काही चालू नसताना हळूच सरकते आणि बरोबर एकाच जागी येऊन अडते. दरवेळी त्याच जागी. त्याने काहीतरी करून ठेवलंय." हे लक्षात ठेवा, नंतर येतो त्यावर.

आधी आमच्या घरात वाटणी कशी होत आली ते सांगतो, कारण मला स्वतःला ते तपासतानाच लक्षात आलं की जगात मीटरचा जो इतिहास झाला तो आमच्या माजघरात सगळा पुन्हा होऊन गेलाय, फक्त शंभरेक वर्षं उशिरा.

वीज घरात आली १९७४ ला. तेव्हा घरात पाच बल्ब, दुसरं काही नाही. आजोबा होते तोवर प्रश्नच नव्हता, ते गेल्यावर वाटणी झाली ती बल्बावर. तुझे तीन, माझे दोन, बिलाचे पाच भाग करा. सुरुवातीला सगळीकडे हेच होतं, कंपन्या दिव्यामागे पैसे घ्यायच्या, दिवा रात्रभर जाळा नाहीतर बंद ठेवा. मग साहजिक कुणी बंद करायच्या भानगडीत पडत नसे. आमच्याकडेही आप्पा म्हणत असत की नाना पडवीचा दिवा मुद्दाम जाळतो, पैसे वसूल करायला.

यावर पहिला उपाय काढला तो अमेरिकेत सॅम्युअल गार्डिनर नावाच्या माणसाने, १८७२ चं पेटंट आहे. त्याच्या मीटरात वीज मोजलीच जात नाही, वेळ मोजला जातो. एक घड्याळ, त्याला एक विद्युतचुंबक, करंट सुरू झाला की घड्याळ सुटतं आणि बंद झाला की थांबतं. दिवे किती आहेत ते आधीच माहीत, सगळे एकाच बटणावर, मग किती तास जळले एवढं कळलं की झालं. हा दिवा-तासांचा मीटर. दिवे सगळे सारखे असतील तोवर हिशोब बरोबर. आमच्याकडे हा टप्पा आला तेव्हा घड्याळ आप्पांचं स्वतःचं होतं, हाताला बांधलेलं, आणि ते वहीत लिहून ठेवत की नानांचा रेडिओ किती वाजता लागला.

मग फ्रिज आला. नानांच्या सुनेने आणला, आणि सगळी व्यवस्था कोलमडली, कारण फ्रिज हा काही दिवा नाही, तो कधी चालतो कधी थांबतो, तास कसले मोजणार? तेव्हा कुठे सबमीटर आले.

एडिसनसमोर प्रश्न आला तोही असाच, फक्त मोठा. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं पॉवर स्टेशन सुरू झालं, पहिल्या दिवशी साधारण ४०० दिवे. (त्याच १८८२ साली आपल्याकडे मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले होते, ती कंपनी मात्र वर्षभरात बुडाली.) पर्ल स्ट्रीटला सुरुवातीचे काही महिने तर बिलच नव्हतं, फुकट. पहिलं बिल गेलं १८ जानेवारी १८८३ ला, अन्सोनिया ब्रास अँड कॉपर कंपनीला, ५० डॉलर ४४ सेंट.

हे ५० डॉलर ४४ सेंट मोजले कशाने, तर तराजूने. हे खरं आहे. एडिसनचा मीटर म्हणजे एका पेटीत काचेच्या बरण्या, बरणीत झिंक सल्फेटचं पाणी आणि त्यात बुडवलेल्या जस्ताच्या दोन पट्ट्या. घरातला बहुतेक करंट बाजूच्या तारेतून जायचा आणि अगदी थोडा ठरलेला हिस्सा बरणीतून. करंट गेला की एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर चढणार, सोनाराकडे मुलामा देतात त्यातलाच प्रकार. महिना झाला की कंपनीचा माणूस येणार, पट्ट्या काढून नेणार, नव्या लावणार, आणि तिकडे ऑफिसात त्या धुऊन वाळवून अगदी नाजूक काट्यावर तोलणार. किती वजन बदललं त्यावरून बिल. थंडीत बरणीतलं पाणी गोठायचं म्हणून पेटीत एक दिवा ठेवला, गारठा पडला की धातूची पट्टी वाकून तो आपोआप लागायचा, आणि लोकांना पेटीत उजेड दिसला की वाटायचं मीटर पेटला, असे किस्से आहेत.

मला या मीटरचं कौतुक आहे, तत्त्व चोख आहे, नीट वापरला तर तो चुकत नसे. पण त्यात एक मोठी खोट होती जी इंजिनियरला दिसत नाही आणि आप्पांना एका मिनिटात दिसेल: ज्याला पैसे भरायचे त्याला त्यातलं काहीच वाचता येत नाही. काटा नाही, आकडा नाही. कंपनीचा माणूस सांगेल ते खरं. आप्पांनी असला मीटर विहिरीत टाकला असता.

आणि लोकांनी विश्वास ठेवलाही नाही. एडिसनच्या बाबतीत मॉर्गनच्या वॉल स्ट्रीटवरच्या ऑफिसातला किस्सा सांगतात. मॉर्गन म्हणजे एडिसनचा पैसेवाला, पण त्यालाही शंका की ही बरणी जास्त दाखवते. तेव्हा असं ठरलं की ऑफिसातल्या प्रत्येक दिव्यापाशी एक कार्ड टांगायचं, आणि दिवा किती वेळ जळला ते कार्डावर रोज लिहायचं. महिन्याच्या शेवटी कार्डांची बेरीज आणि बरणीचं बिल ताडून बघायचं. जुळलं नाही, मीटर जास्तच दाखवत होता. मॉर्गन म्हणाला असेल, बघा, मी सांगत नव्हतो? एडिसनने चौकशी केली तर कळलं की ऑफिस सुटल्यावर झाडूपोछा करणारा माणूस यायचा, तो दिवे लावून काम करायचा, आणि त्याला कार्डाचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचे तास धरल्यावर कार्ड आणि मीटर जवळपास जुळले.

हा किस्सा मी ट्रेनिंगमध्ये कधीतरी ऐकला होता आणि विसरलो होतो, पण ओटीवर बसून ते बिल बघताना तो एकदम आठवला आणि मी ठरवलं, आपणही हेच करायचं.

काकूंकडून मागच्या वर्षीच्या कालनिर्णयची पानं घेतली, मधोमध फाडून तुकडे केले, प्रत्येक बटणापाशी सुतळीने एक पान आणि एक पेन्सिल. देवघर, माजघर, दोन्ही स्वयंपाकघरं, पडवी, ओटी, न्हाणीघर, पंपाची खोपटी. फ्रिजला कार्ड लावून उपयोग नाही, तो सबमीटरवर सोडला. आप्पांना वाटलं हा पोरखेळ आहे पण पेन्सिल मिळाल्यावर ते सगळ्यात मन लावून लिहायला लागले, "सं. ६.५० ते ७.३५, देवघर", अक्षर अजून सुंदर आहे त्यांचं.

तोवर मी मीटर तपासले. मेन मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, त्यावर लिहिलेलं असतं ३२०० इम्पल्स, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सबमीटरच्या पाटीवर लिहिलं होतं ६०० फेरे, म्हणजे तबकडी ६०० वेळा फिरली की एक युनिट. भागाकार करा, तबकडीचे ३ फेरे म्हणजे लाल दिव्याच्या १६ लुकलुकी. त्यासाठी लॅब लागत नाही, व्होल्टेज किती आहे तेही बघायला नको, दोघेही एकाच वेळी तीच वीज मोजतायत. फक्त ज्याचा मीटर तपासायचा त्याच्याच बाजूला लोड ठेवायचा, बाकी सगळं बंद. पुतण्याला तबकडीसमोर बसवला, मी लाल दिव्यासमोर, आणि इस्त्री लावली. तबकडीचे ३० फेरे होईपर्यंत मी मोजले १६१, व्हायला हवे होते १६०. दोन्ही मीटरना जवळजवळ तोच निकाल. म्हणजे मोठ्या लोडला दोन्ही मीटर ठणठणीत. आपल्याकडे १९५६ च्या वीज नियमांत ३ टक्के इकडेतिकडे असेल तोवर मीटर बरोबर धरायचा असं होतं, त्याच्या कितीतरी आत.

मग इस्त्री काढली आणि देवघरातला झिरोचा बल्ब लावला. लाल दिवा सव्वा मिनिटाने एकदा लुकलुकत होता, म्हणजे साधारण १५ वॉट. (झिरोचा बल्ब झिरो नसतो हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही. जुन्या मीटरची तबकडी एवढ्याशा लोडला जागची हलत नसे म्हणून त्याला झिरो म्हणायला लागले, असं सांगतात.) आणि आमच्याकडेही तसंच, आप्पांची तबकडी बसलेली ती बसलेलीच. नानांची पण. पुतण्या डोळे बारीक करून पाच मिनिटं बघत बसला, म्हणाला, "काका, हा मेलाय."

मेलेला नव्हता. तबकडीवाला मीटर समजून घ्यायचा तर इथे थोडं थांबायला हवं. आत दोन कॉईल असतात, एक बारीक तारेची, खूप वेढ्यांची, ती व्होल्टेजची, आणि एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, तिच्यातून घराचा सगळा करंट जातो. दोघींच्या मधे ॲल्युमिनियमची पातळ तबकडी. दोन्ही कॉईलची चुंबकं एका तालात नसतात, थोडी मागेपुढे असतात, त्यामुळे तबकडीवरून चुंबकत्व जणू सरकत जातं आणि तबकडीला आपल्यामागे ओढतं. दुसऱ्या बाजूला एक कायमचा लोहचुंबक असतो तो ब्रेक. तो नसेल तर तबकडी भिंगरीसारखी पळत सुटेल. ओढणारं बळ वॉटच्या प्रमाणात आणि अडवणारं बळ वेगाच्या प्रमाणात, म्हणून वेग बरोबर वॉटच्या प्रमाणात येतो. फेरे मोजले की युनिट. इतकं साधं आणि इतकं सुंदर यंत्र दुसरं मला माहीत नाही, पण मी तर त्यावरच पोट भरलंय, माझं सोडा.

हे एका दिवसात सापडलं नाही. १८८८ मध्ये पिट्सबर्गला वेस्टिंगहाऊस या वीज कंपनीकडे ऑलिव्हर शॅलेनबर्गर आर्क दिव्यावर काम करत होता, दिव्यातली एक छोटी स्प्रिंग निसटून आत कडेवर पडली आणि आपोआप फिरायला लागली. दुसरा कुणी असता तर ती उचलून खिशात टाकली असती. हा बघत बसला, आणि काही आठवड्यांत त्याने एसी करंटचा, म्हणजे सतत उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या विजेचा, मीटर उभा केला. एडिसनची बरणी एसीला चालत नाही, कारण एसीमध्ये जस्त जेवढं जातं तेवढंच परत येतं, त्यामुळे तोवर वेस्टिंगहाऊसकडे मोजायला काही नव्हतंच. पण शॅलेनबर्गरचा मीटर मोजायचा नुसता करंट, अँपियर-तास, व्होल्टेज कायम एकच आहे असं धरून. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं, पंखा रडतो, तेव्हा असला मीटर करंट बघून पूर्ण व्होल्टेजचे पैसे लावेल. त्याच्या पुढच्या वर्षी, १८८९ ला, बुडापेस्टच्या गान्झ कंपनीतल्या ओट्टो ब्लाथीने व्होल्टेज आणि करंट दोन्ही धरणारा तबकडीचा मीटर आणला, खरा वॉट-तास मोजणारा. वजन २३ किलोच्या आसपास. विचार करा, मूठभर बल्बांच्या बिलासाठी भिंतीवर अर्धं पोतं तांदूळ टांगायचं. १९१४ पर्यंत हे वजन अडीच-पावणेतीन किलोवर आलं होतं.

बर्लिनच्या हेरमान आरॉनचा मीटर तर मला सगळ्यात गंमतीचा वाटतो, त्यात शेजारी शेजारी दोन लंबक. वीज बंद असताना दोघांची चाल सारखी, वीज सुरू झाली की चुंबकामुळे एकाची चाल बदलते, आणि दोघांमधला फरक म्हणजे तुमचा वापर. दोघेही एकटे काहीच सांगत नाहीत. आप्पा आणि नानांना मी हे सांगितलं नाही, पण मनात आलं होतं.

असो. तर तबकडी हलायला थोडं तरी बळ लागतं. खालच्या बेअरिंगमध्ये घर्षण असतं, नव्या मीटरमध्ये ते इतकं कमी की दहाबारा वॉटलाही तबकडी निघते. समुद्रापासून दोन शेतं अंतरावर वीस वर्षं टांगलेल्या मीटरची गोष्ट वेगळी. मेन बंद करून नानांचा मीटर उघडला. आत पालीच्या अंड्यांची दोन टरफलं, तांबड्या मुंग्यांची माती, चुंबकाच्या खाचेत पांढरी खारी पूड आणि तबकडीच्या कडेला कोळ्याचा एक धागा, एकच, पण तबकडीपासून चौकटीपर्यंत ताणलेला. तेवढाच पुरे. ब्रशने आणि फुंकरीने सगळं साफ केलं, बेअरिंगला हात लावला नाही, परत लावला तेव्हा तो झिरोच्या बल्बाला हलला नाही पण झिरो अधिक सेट टॉप बॉक्सला हलला, म्हणजे पंचवीसच्या जवळपास.

आणि नानांचा संशय. आप्पांची तबकडी काही चालू नसताना सरकते आणि एकाच जागी अडते. नानांना घेऊन मीटरसमोर उभा राहिलो, टॉर्च मारला. तबकडीला समोरासमोर दोन बारीक भोकं असतात. लोड नसताना नुसत्या व्होल्टेजच्या कॉईलने तबकडी कधीकधी किंचित सरकायला बघते, विशेषतः रात्री व्होल्टेज चढलं की. तसं झालं तर ग्राहकाला फुकटचं बिल लागेल, म्हणून मुद्दाम ती भोकं पाडलेली असतात, भोक त्या व्होल्टेजच्या कॉईलच्या चुंबकाखाली आलं की तबकडी तिथे अडकते. पुढच्या वेळी लोड बंद केला की परत फिरत फिरत भोकाशी येऊन थांबते. नियमच होता की लोड नसताना मीटर फिरता कामा नये. म्हणजे ज्या गोष्टीला नाना चोरी समजत होते ती चोरी होऊ नये म्हणून केलेली सोय. "आणि माझ्याला आहेत का भोकं?" आहेत. स्वतःच्या मीटरमधली भोकं बघितल्यावर ते जरा शांत झाले.

सात दिवसांनी कार्डं गोळा केली. दोन्ही सबमीटर मेनपेक्षा एकूण ९ युनिट मागे. त्यातला पंपाचा हिशोब सोपा होता, पंपाची लाईन सबमीटरच्या आधीच फुटते हे मला तारा बघताना कळलं, नाना इतकी वर्षं समजत होते की तो आप्पांच्या मीटरवर आहे, आणि आप्पा समजत होते नानांच्या. पंप एकटा चालू ठेवून मोजलं, मिनिटाला ४८ लुकलुकी, म्हणजे ०.९ किलोवॉट. कार्डावर आठवड्याचे साडेतीन तास. म्हणजे ३ युनिट. बाकी ६ राहिली, आणि बंद पडलेल्या तबकड्यांच्या माथी मारली तरी २-३ च्या वर जात नव्हती. तीन-साडेतीन युनिट आठवड्याला कुणीतरी खात होतं.

त्या रात्री दहा वाजता सगळं बंद केलं. दोन्ही सबमीटरचे मेन स्विच खाली, पंप बंद, घर काळंकुट्ट, आप्पा पडवीत पंख्याविना चरफडत. मी मेन मीटरसमोर उभा, आणि लाल दिवा लुकलुकतोय. मोबाईलवर वेळ लावली, १९ सेकंद. परत १९. परत १९. हिशोब केला, ५९ वॉट.

टॉर्च घेऊन पंपाच्या खोपटीत गेलो. पंपाच्या बोर्डाला मागून एक काळी वायर जोडलेली, ती पत्र्याखालून बाहेर, फणसाच्या झाडावर, तिथून काजूवर, कुंपणाच्या खांबाला गुंडाळून पुढे बागेत. वायरच्या मागे मागे गेलो तर शेवटी राखणदाराची खोपी. आंब्याच्या सीझनला आम्ही बागेत नेपाळचं एक जोडपं ठेवतो, वानर आणि चोर दोघांसाठी. खोपीत एक टेबलफॅन, ५० वॉटचा, आणि ९ वॉटचा बल्ब. बाई जागी होती, मला बघून घाबरली बिचारी, मी म्हटलं काही नाही, तुम्ही झोपा.

सकाळी आप्पांना विचारलं. आप्पा बराच वेळ आंब्याची कोय चोखत बसले. मग म्हणाले, "अरे हो, दोन वर्षांपूर्वी मीच ओढून दिली ती वायर. उकडायचं रे त्यांना." नानांनी पार्टिशनच्या पलीकडून एक शब्द काढला नाही, आणि ते न बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

खोपीतही एक कार्ड लावलं, त्या बाईने रेघा मारून तास लिहिले, आमच्या पुतण्यापेक्षा नीट. पुढचे दहा दिवस परत सगळं मोजलं. मेन मीटर ९६, आप्पा ४७, नाना ३६. फरक १३. त्यात पंप पाच तास म्हणजे साडेचार, खोपी पाचच्या जरा खाली, उरली साडेतीन. ती म्हणजे दोन सेट टॉप बॉक्स, एक राऊटर आणि देवघर, जेव्हा बाकी काही चालू नसतं आणि तबकड्या झोपलेल्या असतात तेव्हाचे तास. इलेक्ट्रॉनिक मीटर तेवढंही मोजतो, तबकडी सोडून देते. एप्रिलला तोच हिशोब लावला तर पंप १३, खोपी १५, झोपलेल्या तबकड्या १०. अडतीस. अर्धं-एक युनिट इकडेतिकडे आहे, मी ते ओढूनताणून बसवलेलं नाही, बसलं.

वाटणी अशी ठरली: पंपाच्या खोपटीत तिसरा सबमीटर, त्याचं जे येईल ते आंब्याच्या खात्यातून, कारण पंप आणि राखण दोन्ही बागेसाठी. उरलेली तूट निम्मी निम्मी. मी सुचवलं की दोन्ही जुने काढून इलेक्ट्रॉनिक सबमीटर लावू, झिरोचा बल्बही मोजतील, तर दोघे एकाच वेळी नाही म्हणाले, तीन आठवड्यांत पहिल्यांदा एकमत. आप्पा म्हणाले, "तो दिवा लुकलुकतो ते काय मोजून लुकलुकतो ते मला दिसत नाही. तबकडी फिरते ती दिसते." मी २६ वर्षांचा अनुभव गिळून गप्प बसलो. तिसरा मीटरही त्यांनी चिपळूणच्या भंगारवाल्याकडून तबकडीवालाच आणला, माझ्याकडून साफ करून घेतला आणि कोळी शिरू नये म्हणून झाकणाच्या फटीला स्वतः मेण लावलं.

जूनमध्ये मी मुंबईला परत आलो होतो. राखणदार गेले, पाऊस लागला, पंप जेमतेम. जुलैच्या सुरुवातीला नानांचा फोन, "बिल आलंय. मेन १७०, आप्पा ८८, मी ६९, पंप ६." मग जरा थांबून, "म्हणजे सात उरतात. ही सात कुणाची?" मी म्हटलं, नाना, ती तबकड्यांची, मी सांगितलं होतं ना. ते म्हणाले, "सांगितलं होतंस. पण आम्ही कार्डं काढलेली नाहीत अजून. आप्पा म्हणतो देवघराचं त्याने लिहिलंय, पण १२ तारखेला संध्याकाळी त्याच्या कार्डावर ६.५० आहे आणि माझ्या घड्याळात ६.४० झाले होते."